पाण्याले दिलेले तोंड

चैत्र वद्य ४, शके १७८६. अकोला, जुने शहर

सूर्यभानने मले अक्षरे शिकवली, अन् आता म्हणतो, आजी, रोज काहीतरी लिहीत जाय, नाहीतर विसरशीन. नातवाचा शब्द मोडवत नाही असे काही नाही. शाई दवाखान्यातून फुकट येते म्हणून लिहिते. आमच्या वेळी म्हणत, पोरीने अक्षर काढले की तिचा नवरा मरतो. माझा मी अक्षर न काढताच मेला.

ज्योतिषी सांगतो, या संवत्सराचे नाव रक्ताक्षी आहे. लाल डोळ्याचे. पेठेत हैजा लागला आहे, ओकारी-हगवणीची पटकी. शेजारच्या नत्थुजीची सून सकाळी भाकरी थापत होती, दुपारी तिच्याच तव्याजवळ आडवी झाली, दिवेलागणीले तिरडीवर. डोळे आत गेले होते, बोटांची कातडी धुण्यासारखी चुरगळली होती. मी तिले नेसवले. चार घरे सोडून पुन्हा तेच. रडणाऱ्या बायांचा आवाज बसून गेला आहे.

दूर कुठे गोऱ्यांची आपसात लढाई चालू आहे, म्हणून आमच्या कापसाले भाव. बैलांच्या शिंगांवर पितळी टोप्या चढल्या. अख्ख्या वऱ्हाडाच्या गाड्या मोर्णा नदीच्या कोरड्या पात्रात सुटतात. बैल तिथे, माणसे तिथे, त्यांचे सगळे तिथेच. त्याच वाळूत खड्डा खणून आपण झिरपलेले पाणी भरतो. त्याले झिरा म्हणतो. पाणी गोड. गावातल्या विहिरी खाऱ्या, त्यात डाळ शिजत नाही.

सूर्यभान दवाखान्यात साहेबाच्या हाताखाली लिहिणारा आहे, लिहितो म्हणून लोक त्याले मास्तर म्हणतात. त्याच्या डोक्यात किडा शिरला आहे. घरोघर जाऊन विचारतो, कोण मेले, काय खाल्ले, पाणी कुठले प्याले. मेल्याच्या घरी असे विचारावे का? दोघांनी त्याले धक्के मारून काढले. तरी जातो.

चैत्र वद्य ६

आज त्याने एक गाडीवान घरी आणला. पुंजाराम, अचलपुराकडचा. डोक्यावर नवा लाल पटका एवढा मोठा की माणूस कमी अन् पटका जास्त. त्याच्या डाव्या बैलाचा कान फाटका. हसला की वरचा ओठ थेट हिरडीच्या वर जातो.

मी म्हटले, "पटक्यातच सगळी कमाई घातली वाटते. पोटात काही घातलं का?"

"आजी, पोटाले कोन पाहते? पटका सगळा गाव पाहते."

चार भाकरी खाल्ल्या अन् ठेचा मागून घेतला. सूर्यभान विचारत गेला, तो सांगत गेला. आजारी गाडीवान कुठे पडतात, त्यांची घाणेरडी कापडे कुठे धुतात.

"झिऱ्याच्या वरच्या अंगाले, मास्तर. खाली कोन जाईन? वाळूनं पाय भाजते."

"म्हणजे धुतलेलं समदं वाळूतून झिऱ्यात."

"मी बोललो त्यायले. म्हणे, तू मोठा कोतवाल लागून गेला."

जाताना माझ्या पाया पडला. म्हणे, घरी कौशल्याले सांगीन, अकोल्याची बुढी शिव्या देते पण तूपही वाढते. तूप मी वाढले नव्हते, तेल होते. सांगितले नाही.

चैत्र वद्य ९

कमलाकांतपंत शाळेत शिकवतात. त्यांच्या ओट्यावर वाचनसभा भरते. कोणी काही शोधून काढले की निबंध लिहायचा अन् सगळ्यांपुढे वाचायचा. आज सूर्यभानची पाळी. मी दाराशी, जोड्यांजवळ बसले.

पोराने उभे राहून वाचले. इतकी घरे झिऱ्याची, त्यातली इतकी लागली. इतकी घरे विहिरीची, त्यातली इतकी लागली. शेकडा इतके, शेकडा तितके. एक वकील घोरू लागला. दुसऱ्याने त्याले कोपर मारले अन् मग दोघेही घोरले. पंत मात्र मान हलवत होते, तेही कुठे हलवायची ते चुकत होते.

मागे पेठेतली माणसे उभी होती. नत्थुजीने विचारले, "हे समदं ठीक हाय. जमुनीच्या गल्लीत तिच्या डाव्या घरचे मेले, उजव्या घरचे मेले. जमुनी कशी जिती?"

जमुना विधवा, मूलबाळ नाही. सूर्यभानले वाटले, हा हुशार प्रश्न आहे. खूश होऊन म्हणाला, "तेच तं! अख्ख्या गल्लीत एकट्या तिच्याच घरी कोणाले काही झालं नाही. कारण गेल्या साली बायांनी तिले झिऱ्यावरून हाकललं. ती आपल्या आंगणातल्या विहिरीचं खारं पाणी पिते."

नत्थुजीने पुढचे ऐकले नाही. आधीचे तेवढे ऐकले. मागच्या माणसाले म्हणाला, "आयकलं? मास्तरनं लिहून आणलं हाय."

चैत्र वद्य ११

मुसळ धुऊन ठेवले, मग लिहिते.

सकाळी जमुनेले घरातून ओढून काढले. नत्थुजी, त्याचे भाऊ अन् आणखी गल्लीभर. एरंडाच्या ओल्या फोकांनी मारले. चेटकीण असली की एरंडानेच कबूल होते म्हणतात. पाठीचे कातडे उसाच्या सालीसारखे निघाले. ती कबूल होईना. मग एकाने डोके मांडीत धरले अन् दुसऱ्याने दगडाने समोरचे दात पाडले. दात नसले की मंत्र नीट म्हणता येत नाही, म्हणून. एक दात उडून माझ्या पायाशी आला.

मी घरातून मुसळ आणले अन् दगडवाल्याच्या गुडघ्यावर घातले. हाड वाजले. दुसरा घाव नत्थुजीच्या खांद्यावर. माझे वय पाहून कोणाचा हात उठला नाही. उठला असता तर त्यालाही दिला असता. सूर्यभान मधे पडला, त्याचे नाक फुटले.

नत्थुजी खांदा धरून म्हणाला, "काकू, तुमी मधात पडू नका. माह्या घरचे तीन गेले. आखाजी हाय म्हनून थांबतो. सण झाला का हिले झिऱ्यात जिती पुरतो."

तो रडत होता. रडतच म्हणाला. असा माणूस जे बोलतो ते करतो.

जमुना आता माझ्या माजघरात आहे. तोंडात हळद अन् कापूस भरला आहे. बोलता येत नाही, नुसती बघते. मी म्हटले, "पाहू नको व माय, झोप."

चैत्र वद्य १४

सूर्यभान निबंध पुन्हा लिहितो आहे. आणखी आकडे घालतो आहे. म्हणतो, पुरावा पक्का पाहिजे.

मी म्हटले, "अरे, आकड्यानं कोणाच्या पोटात दुखत नाही. तुह्या निबंधात शंभर माणसं मेली अन् मले एकाचंही तोंड दिसलं नाही. एक घर सांग. घरातली एक सून सांग. तिले तहान लागली ते सांग. तिनं घागर कशी भरली ते सांग. मंग मार तिले."

"आजी, हे संशोधन हाय. कहाणी नाही."

"जमुनीले दोन दगडं आणखी बसले असते तं तुह्या संशोधनात एक आकडा वाढला असता."

मग लिहायले बसला. पहिल्यांदा चांगले लिहिले. सून आली, तहान आली, गोड पाणी आले. शेवटी लिहिले, वाळूतून वाहून आलेल्या घाणीने तिचा जीव घेतला.

मी म्हटले, "घाणीवर कोण रागावन? पाण्याले कोण फोक मारन? यायले हात उचलाले कोणीतरी पायजे. नाहीतर जमुनीवरून हात निघत नाही."

"पण तसं कोणी एक नाही, आजी. पन्नास गाडीवान हायेत. कोणाले ठाऊकही नाही आपण काय करून राहिलो."

"ते मी पाहते. कहाणीत पन्नास माणसं मावत नाहीत."

"नाव घेऊ नको कोणाचं."

"नाव नाही घेत. तोंड देते."

वैशाख शुद्ध ३, आखाजी

झाले. सांगून आले. सूर्यभानले सांगता आले नसते, त्याचा आवाज कागदाबाहेर पडत नाही.

देवीच्या ओट्यावर सगळ्या बाया जमल्या, पाठीमागे पुरुष. आमच्या पेठेत कहाणी ऐकताना मुठीत ज्वारीचे दाणे धरतात. दाणे मुठीत आहेत तोवर सांगणारीने खोटे बोलायचे नाही अन् ऐकणाऱ्याने शंका काढायची नाही. शेवटी दाणे देवावर टाकायचे. मी म्हटले, दाणे घ्या. मोकळा हात असला की बाया उवा मारत बसतात.

सून सांगितली. नत्थुजीच्या सुनेसारखीच, भाकरी थापणारी. तिची तहान सांगितली तेव्हा पुढच्या बाईने घोट गिळला. मग झिरा सांगितला. मग त्याच्या वरच्या अंगाले एक गाडीवान सांगितला, दिसायला हसरा, मनात काळा. पेठेचा वंश बुडवायचा विडा उचललेला. मेलेल्यांची कापडे आणतो अन् मुद्दाम झिऱ्याच्या तोंडाशी धुतो. कसा दिसतो? सगळे मले विचारत होते डोळ्यांनी. तोंडात आले ते दिले. डोक्याहून मोठा लाल पटका. फाटक्या कानाचा बैल. हसला की हिरडी दिसते. सगळे आपल्या डोक्यातून काढले, कुठून उसने आणले नाही. ही विद्या मले पहिल्यापासून आहे.

शेवटी दाणे देवावर कोणी टाकले नाहीत. बायांनी नदीच्या दिशेने फेकले. नत्थुजी उठून माझ्या पाया पडला. "काकू, जमुनीचं चुकलं आमचं."

सूर्यभान खांबाशी उभा होता. त्याचा चेहरा पांढरा. मी म्हटले, "पाह्यलं? एक आकडा नाही सांगितला." तो धावत नदीकडे गेला. पोरांना कौतुक करता येत नाही.

वैशाख शुद्ध ४

आज नदीत माणूस मारला.

मी घागर घेऊन काठावर गेले होते, पाणी भरायला नाही, बघायला. पेठ अख्खी पात्रात उतरली होती. त्यांनी गाड्यांच्या उभाऱ्या, बाजूचे उभे दांडके, उपसून हातात घेतल्या होत्या. बाकी गाडीवान गाड्या जुंपून पळाले. एक तेवढा सापडला. त्याने बैल सोडले नाहीत, त्यांना पाणी पाजत होता.

पहिली उभारी पाठीत बसली. तो उलटून हसला. त्याले वाटले, कोणी ओळखीचा थट्टा करतो. मग डोक्यात बसली, पटका उलगडला अन् वाळूत लांबच लांब पसरला. तो पटक्याच्या टोकाले धरून ओढत होता, जसा काही तो पटका वाचला की आपण वाचलो. बायाही होत्या. एकीने वाळू त्याच्या तोंडात कोंबली, त्या पाण्याने तिचे लेकरू नेले म्हणून. नत्थुजीने जूचा खिळा काढून छातीत मारला. रक्त वाळूत जिरून जाते, दिसत नाही, नुसता ओला डाग दिसतो.

तो ओरडत होता, "बुढीले विचारा! मी तिच्या घरी जेवलो, बुढीले विचारा!" कोणत्या बुढीले म्हणत होता देव जाणे. उन्हाने माझे डोळे भरून आले होते, चेहरा दिसला नाही.

मेल्यावरही मारत होते. मग उचलून झिऱ्यात टाकला अन् वरून दगड.

एक फाटक्या कानाचा बैल गाडीसकट काठावर उभा होता. कोणीतरी त्यालाही मारले.

वैशाख शुद्ध ५

सूर्यभान संध्याकाळी आला. आखाजीपासून घरी नव्हता. गाड्यांच्या तळावर पुंजारामले शोधत होता, त्याले पळवून लावायला. तो सापडेपर्यंत माणसे पोचली.

मले म्हणाला, "आजी, तो पुंजाराम होता."

मी म्हटले, "कोण पुंजाराम?"

त्याने माझ्याकडे पाहिले अन् उठून गेला.

लाल पटके काय कमी आहेत वऱ्हाडात. या साली ज्याच्या त्याच्या डोक्यावर लालच.

वैशाख शुद्ध ११

झिऱ्यात मुडदा टाकल्यापासून तिथे कोणी घागर बुडवत नाही. सगळी पेठ खारे पाणी पिते अन् तोंड वाकडे करते. नवीन कोणी लागले नाही. जुने एक-दोन गेले, बस. सूर्यभानचे म्हणणे खरे निघाले. मी म्हटले तर म्हणतो, "हो. सिद्ध झालं." अन् पुढे भाकरीचा तुकडा मोडला नाही.

जमादार आला होता. सगळ्यांनी एकच सांगितले, परका गाडीवान, ऊन लागून झिऱ्यात पडला. मलेही विचारले. मी म्हटले, मले दिसत नाही लांबचे.

नत्थुजीने मले लुगडे आणले. बाया म्हणतात, आखाजीची कहाणी पुन्हा सांगा. जमुना आता थोडे बोलते, शब्दातून वारा जातो. बाया बसल्या होत्या तेव्हा ती उठली अन् बाहेर गेली. नंतर मी रागावले, "तुह्यासाठी केलं ना व हे?"

ती म्हणाली, "मावशी, मलेच मारलं असतं तं एकच मेलं असतं. आताही एकच मेलं."

हिशेब शिकवते मले. दात पाडले, अक्कल नाही पाडली.

वैशाख पौर्णिमा

कौशल्या आली. पुंजारामची बायको. अचलपुराहून पायी. पोटाशी लेकरू, पायाले फडकी बांधलेली. पेठेत विचारले तर सगळ्यांनी आपापली दारे लावली. माझे उघडे होते.

म्हणाली, "आजी, ते सांगत होते, अकोल्याले एक बुढी हाय, शिव्या देते अन् तूप वाढते. ते तुमीच काय?"

मी म्हटले, बैस. पाणी दिले. खारे लागले तर तोंड न करता प्याली.

"ते कसे गेले? खरं सांगा."

मले इतक्या कहाण्या येतात. त्या वेळी एक आली नाही. मी म्हटले, "हैजानं." ती म्हणाली, "मंग मुडदा कुठं? बैल कुठं? हैजा बैलाले होते काय?" मी पुन्हा म्हटले, हैजानं. तिने मान खाली घातली अन् लेकराले पदराखाली घेतले. तिले कळले. न कळायले ती काय वाचनसभेत बसणारी आहे?

नत्थुजीचे लुगडे तिले दिले. तिने घेतले नाही. ओट्यावर ठेवून गेली. सूर्यभान तिले पोचवायला अचलपुरापर्यंत गेला.

रात्रभर झोप आली नाही. मी कोणाले वाईट करायले गेले नव्हते. तोंड द्यायचे म्हटले तर जवळच बसलेले तोंड हाताले लागते, एवढेच.

वैशाख वद्य ५

कमलाकांतपंत स्वतः आले. जोडे बाहेर काढून, चटईवर बसून.

"पार्बताबाई, अमरावतीत हैजा भडकला आहे. कापसाच्या बाजाराजवळचं तळं, सगळे त्याचंच पाणी पितात. तिथल्या सभेने सूर्यभानला वाचायला बोलावलं आहे. पण तुम्हीही चला. अहो, तुमच्या एका कहाणीने जे झालं ते आमच्या शंभर निबंधांनी झालं नसतं. ही खरी शिकवण्याची रीत!"

मी म्हटले, "जे झालं ते ठाऊक आहे ना तुम्हाले?"

"दुर्दैव होतं. पण पेठ वाचली."

सूर्यभान परतला होता. मधेच म्हणाला, "आजी येणार नाही. मी आकडे वाचीन. झोपतील तं झोपू द्या. झोपलेला माणूस दगड उचलत नाही."

"अन् तळ्याचं पाणी पितील ते?" पंतांनी विचारले.

मी म्हटले, येते.

वैशाख वद्य ९, बडनेऱ्याजवळ

गाडीत अंग मोडून निघाले. सूर्यभान माझ्याशी बोलत नाही, नुसता पाणी उकळून देतो. रस्त्याने कापसाच्या गाड्यांची रांग संपत नाही. वाऱ्याने उडालेला कापूस बाभळींवर अडकला आहे, पांढऱ्या पाखरांसारखा. गाडीवान ओरडून रामराम करतात. मी कोणाचे तोंड पाहत नाही. पाहिले की लक्षात राहते.

तोंड मात्र लागणार. त्याशिवाय माणसे घागर खाली ठेवत नाहीत, हे मी डोळ्याने पाहिले आहे. परटिणीचे द्यावे, तर तिले पोरे असतील. गाडीवानाचे द्यावे, तर त्याले बायको असेल, ती चालत येईल. डोळा चकणा द्या, पाय लंगडा द्या, त्या तोंडाचा माणूस बाजारात कुठेतरी निघतोच. ज्याचे कोणी विचारायले येणार नाही असे तोंड शोधते आहे.

वैशाख वद्य ११, अमरावती

आज सूर्यभानने वाचले. बाजारातल्या चौकात, सभेचे लोक पुढे, गर्दी मागे. चांगले वाचले, आवाज मोकळा झाला आहे त्याचा. वाचन चालू असताना बाया त्याच्या बाजूने घागरी भरून जात होत्या. एका म्हाताऱ्याने विचारले, "मास्तर, करनी कोनाची ते सांगा ना." दुसरा म्हणाला, तळ्यापाशी बाहेरगावची एक पिंजारीण राहते, तिचीच असेल. दोन-तीन डोकी त्या दिशेने वळलीही.

सूर्यभान घाईने म्हणाला, "कोणाची नाही, पाण्याची." लोक हसले.

उद्या मी सांगणार. सूर्यभान म्हणाला, "आजी, तुह्या पाया पडतो." मी म्हटले, "पड. पण पहिले तळ्यावर जायची वाट दाखव."

वैशाख वद्य अमावास्या

तीन दिवसांनी लिहिते आहे. उजवा हात जमत नाही, डाव्याने काढते. अक्षर पाहून सूर्यभान हसेल. अजून तरी हसला नाही.

त्या सकाळी बाया पाणी भरत होत्या तेव्हा मी तळ्यात उतरले. दवाखान्यातून हैजाने मेलेल्या माणसाची चादर मागून आणली होती. सगळ्यांदेखत ती पाण्यात खळबळली. बाया ओरडल्या. मी ओरडणाऱ्यांना दोन शिव्या दिल्या, म्हणजे चेहरा नीट लक्षात राहील.

संध्याकाळी चौकात बसले. म्हटले, दाणे घ्या. तिथे तशी रीत नाही, मी शिकवली. मुठीत दाणे, तोवर खोटे नाही. सगळ्यांनी घेतले, मजा म्हणून.

सून सांगितली, तहान सांगितली. मग म्हटले, या तळ्यात विष कोण कालवते? ती पिंजारीण नव्हे, तिले मी ओळखत नाही. कोणी गाडीवान नव्हे. एक म्हातारी आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातली. हनुवटीवर गोंदण, डाव्या डोळ्यात फूल पडलेले, जीभ विळ्यासारखी. तिकडे तिने एका गरीब गाडीवानाचा जीव घेतला, तो तिच्या घरी चार भाकरी जेवला होता. त्याचे नाव पुंजाराम. आता इकडे आली. जे पाणी ती शिवली, ते जो पिईल तो तिच्या हातचे मरण पिईल. फक्त उकळलेल्या अन् विहिरीच्या पाण्याले तिचा हात लागत नाही.

सूर्यभान लोकांतून पुढे ढकलत येत होता. "आजी, बस! बस कर!"

पुढच्या बाईने माझी हनुवटी पाहिली. मग डोळा पाहिला. म्हणाली, "अवं, हे तं तूच! सकाळी चादर तूच धुतली!"

"मंग कोण वाटली तुले, तुही सासू?"

पहिले दाणे आले. ज्वारी डोळ्यात गेली की फार झोंबते. मग चप्पल, मग दगड. एक दगड खांद्याच्या हाडावर बसला, ते मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. एक कपाळावर. कोणीतरी केस धरून ओढले, मूठभर निघाले, तसेही विरळच होते. सूर्यभान माझ्यावर आडवा पडला, त्याच्या पाठीवर बसणारे मले ऐकू येत होते, धान्य झोडपावे तसे. पंत एक जोडा सोडून पळाले. सरकारी शिपायांनी लाठ्या घातल्या तेव्हा सुटलो.

आता दवाखान्याच्या ओसरीत आहोत. सूर्यभान शेजारच्या खाटेवर पालथा पडला आहे, पाठ पट्ट्यांनी गुंडाळलेली. डाक्टर म्हणतो दोघे वाचू, मी कमी, तो जास्त.

आज सकाळी त्याने विचारले, "आजी, का केलं असं?"

मी म्हटले, "तोंड लागत होतं. हे तोंड म्हातारं झालं होतं, फुकट होतं. याच्यासाठी चालत येणारी कोणी नाही."

"मी हाय ना," तो म्हणाला.

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्याले सांगितले नाही.

ओसरीतून तळे दिसत नाही, पण पहाटे घागरींचा आवाज इथवर येतो, असे दवाखान्यातली माणसे सांगत होती. आज पहाटेपासून मी कान देऊन आहे. बैल बोलले, गाड्या गेल्या, कुठेतरी कोणी खोकले. घागर एकही वाजली नाही.